तीन मुठी माती

१

खैरुद्दीन हजवानीने विलायत कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण दुबईत बसून तो मुलांना विलायतेतलं एक गाव शिकवत होता, आणि तेही जमिनीवरचं नव्हे, जमिनीखालचं. हसू नका. पोटासाठी माणूस याहून विचित्र गोष्टी शिकवतो.

चौसष्ट साल. खाडीकाठी, बुर दुबईत, वारा ओढून घेणारा चौकोनी मनोरा डोक्यावर असलेल्या एका जुन्या घरात लहानशी इंग्रजी शाळा भरायची. मुलं सगळी मिळून सतरा. कंपन्यांतल्या साहेबांची, कापडवाल्या सिंध्यांची, दोघं-तिघं आपल्या कोकणी मुसलमानांची. हेडमिस्ट्रेस मिसेस हॅडलो. गणित आणि ड्रॉइंगला खैरुद्दीन. झाडलोट, पाणी, चहा आणि फुकटचे सल्ले यांना श्रीवर्धनचे बदरुद्दीनचाचा.

मिसेस हॅडलो कॅल्डचेस्टर नावाच्या गावच्या. त्या गावात कुदळ मारावी तिथे काहीतरी निघतं म्हणे. तळाशी रोमन लोकांचं शहर, विटांचं, रस्ते दोरी लावून आखलेले. त्यावर हातभर काळी माती, म्हणजे जेव्हा तिथे कुणीच राहत नव्हतं तेवढी वर्षं. आणि त्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांच्या लाकडी झोपड्या, त्यांचं चर्च, त्यांचं कबरस्तान. बाई हे दरवर्षी अशा हौसेने शिकवायच्या, जणू पाहुण्यांना स्वतःच्या परसातली विहीर दाखवताहेत.

त्या वर्षी एप्रिलात बाईंची दाढ सुजली. इलाजाला बहरीनला जावं लागलं, तीन आठवडे. जाताना गालाला रुमाल लावून त्यांनी खैरुद्दीनच्या हातात नोट्सची वही, कॅल्डचेस्टरच्या खोदकामाचा एक जुना फोटो आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. कॅल्डचेस्टर आता तुमच्या हवाली, एवढंच त्या खुणेने म्हणाल्या.

खैरुद्दीनचं मात्र अर्धं चित्त दुसरीकडेच होतं. चार वर्षं एकट्याने काढल्यावर त्याने खोली घेतली होती, आणि हर्णैहून त्याची बायको मैमुनाबी आणि सहा वर्षांची अजरा मुंबईमार्गे आगबोटीने यायला निघणार होत्या. तो आला तेव्हा पोर दोन वर्षांची होती. तिच्या आठवणीत बाप म्हणजे एक फोटो आणि महिन्याचं पाकीट. बांगड्यांच्या मापासाठी मैमुनाबीने शेवटच्या पत्रात अजराचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून पाठवली होती, आणि खाली लिहिलं होतं, पोर आता साडेतीन फूट झाली. तो कागद खैरुद्दीनच्या खिशात असायचा. घड्या पडून पडून मधलं बोट फाटायला आलं होतं.

२

वहीत लिहिलं होतं, मुलांकडून गाव खणून घ्या. म्हणून खैरुद्दीनने खाडीवरच्या होडीच्या सुताराकडून सहा फूट बाय चार फुटांचं, वीतभर काठाचं लाकडी तबक करून घेतलं आणि मागच्या खोलीत टेबलावर ठेवलं. मग शाळा सुटल्यावर तो रोज त्यात गाव भरायला लागला.

तळाशी फुटक्या माठाच्या खापऱ्या, म्हणजे रोमन घरं. त्यावर काळा थर. चाचांनी चहाचा चोथा वाळवून ठेवला होता, तो, कोळशाची पूड आणि वाळू एकत्र मळून. बिस्किटांच्या डब्यात बाईंनी आपल्या गावची खरी माती आणली होती, दोन-तीन ओंजळी, काळीभोर. ती या थरात मिसळायची, अशी वहीत सूचना होती. मिसळली. सगळ्यात वर पिवळी वाळू, तिच्यात खजुराच्या काड्यांच्या झोपड्या, पुठ्ठ्याचं चर्च. चर्चमागे कबरस्तान. ओल्या वाळूवर रिकामी काडेपेटी दाबून त्याने अकरा कबरी उठवल्या. नीट, एका मापाच्या.

डब्यात आणखी एक काडेपेटी होती. तीत कापसावर एक हाड. बोटाच्या पेराएवढं, पिवळट, गुळगुळीत. झाकणावर लहान मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, कोकराचं हाड, आणि पुढे प्रश्नचिन्ह. चर्चच्या आवाराच्या कडेला सापडलं. बाई लहानपणी गटाराच्या खोदकामावर जाऊन असल्या वस्तू वेचायच्या, तेव्हाचं असणार. खैरुद्दीनने ते मागच्याच खोलीतल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवलं.

चाचांनी तबकाला एक फेरी मारली. हे सगळं पुरायचं आणि मग पोरांकडून उकरून घ्यायचं, यालाच पगार मिळतो काय, असं त्यांनी विचारलं. खैरुद्दीन म्हणाला, मिळतो तर. चाचांनी आयुष्यभर उगाच झाडू मारला म्हणून कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी तार आली. बोट सुटली. शिपिंग एजंटच्या क्लार्कने सांगितलं, संडेला पोहोचेल, इन्शाल्ला.

३

मंगळवारी सकाळी एक कबर फिरलेली होती.

दहा उत्तर-दक्षिण, आणि एक आडवी, पूर्व-पश्चिम. खैरुद्दीन तिच्याकडे पाहत उभा राहिला. आपणच काल घाईत वाकडी दाबली असेल. पण काल संध्याकाळी त्याने मोजून रांग तपासली होती. तो गणिताचा माणूस. रांग चुकली तर त्याला जेवण जात नाही. मग मांजर असेल. पण मांजराला काडेपेटीच्या मापाची कबर पुसून, तेवढीच दुसरी, तितक्याच सरळ कडांची करता येत नाही. मग पोरं. पोरंच असणार. त्याला हायसं वाटलं. त्याने कबर पुसली, काडेपेटी दाबून पुन्हा उत्तर-दक्षिण केली.

वर्गात विचारलं, तर सगळ्यांनी माना हलवल्या. नो सर, वी डिडन्ट टच इट. त्यांच्या तोंडाकडे पाहून ती खोटं बोलत नाहीत हे कळत होतं. मास्तरकीची दहा वर्षं फुकट नव्हती गेली.

त्या दुपारी त्याने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. वरच्या मनोऱ्यातून त्या खोलीत वारा उतरायचा, त्याचा एक सूर लागलेला असायचा. त्या दिवशी कुलूप लावताना त्याला त्या सुराखाली दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, थांबून थांबून. कुणी नखाने सुपातले तांदूळ बाजूला सारावेत तसा. त्याने दाराला कान लावला. आवाज थांबला. वाळू सुकतेय, बसतेय, असं त्याने स्वतःला समजावलं आणि नेहमीपेक्षा जरा भरभर घरी गेला.

४

बुधवारी अकराच्या अकरा फिरलेल्या होत्या.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली खिशात. खैरुद्दीनने चाचांना हाक मारली. चाचांनी नुसतं बघितलं आणि विचारलं की मास्तर, यात बिघडलं काय. रांग तर झकास दिसतेय.

तेवढ्यात वर्गातली एक मुलगी मागून आली, कुठल्याशा इंजिनिअरची. तिने मिसेस हॅडलोंनी दिलेला जुना फोटो तबकाशेजारी धरला आणि खूश होऊन म्हणाली, "नाऊ इट्स राइट, सर. बिफोर इट वॉज राँग."

खैरुद्दीनने फोटो पाहिला. खरंच की. कॅल्डचेस्टरच्या सगळ्या कबरी पूर्व-पश्चिम होत्या. ते लोक आपल्या माणसांना तसंच निजवायचे. वहीतही बाईंनी लिहून ठेवलं होतं, त्याने वाचलंही होतं. पण हातांनी कुठे वही वाचली होती? हर्णैच्या कबरस्तानात त्याने बापाला निजवलं, आजोबांना निजवलं. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला. काडेपेटी हातात घेतल्यावर हातांना दुसरी दिशा ठाऊकच नव्हती. अकराही माणसं त्याने न कळत आपल्या गावची करून टाकली होती.

म्हणजे चूक त्याची, आणि ती कुणीतरी सुधारली होती. हे कळल्यावर त्याला आधी हसू आलं. आपल्यापेक्षा हुशार मास्तर इथे कोण आहे, असं तो चाचांना म्हणालासुद्धा. मग ते हसू तोंडावरच राहिलं. कारण दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात.

त्याच संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. खाडीतल्या होड्या बांधल्या गेल्या. चाचा म्हणाले की बाहेर दर्या खवळलाय. मग मास्तरांचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले की आगबोटीला असल्या वाऱ्याचं काय, ती लोखंडाची असते. लोखंड बुडत नाही की काय, हे विचारायचं खैरुद्दीनच्या जिभेवर आलं होतं. त्याने गिळलं.

५

गुरुवारी अकरा जागच्या जागी होत्या. आणि रांगेच्या टोकाला एक बारावी होती.

ही मिटलेली नव्हती. उघडी होती. लहान खड्डा, कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि शेजारी उकरलेल्या वाळूचा एवढासा ढीग. कबर खणणारे ढीग जसा एका अंगाला लावतात, पुढे लोटायला सोपा पडावा म्हणून, तसाच. आणि ही एकटीच उत्तर-दक्षिण होती.

खैरुद्दीन वाकला. मनोऱ्यातून उतरणारा उजेड खड्ड्यात पडला होता. खड्ड्याच्या पश्चिमेच्या भिंतीत, तळाशी, एक कोनाडा कोरलेला होता. त्याच्या गावी तशी बगल काढतात. मय्यत त्या बगलेत सरकवायची, मग फळ्या लावायच्या, मग माती. ही गोष्ट ना बाईंच्या वहीत होती ना कुठल्या फोटोत. या शाळेत ती दोनच माणसांना ठाऊक होती, आणि चाचांची बोटं संधिवाताने सुजलेली, त्यांना चहाचा कप धड धरता येत नव्हता.

त्याच्या हाताने फूटपट्टी उचलली. तो नको नको म्हणत होता आणि हात मोजत होता. काडेपेटी सव्वादोन इंच, म्हणजे सहा फुटी माणूस. खड्डा सव्वा इंच आणि वर केसभर. हिशेब त्याला करावाच लागला नाही, तो आपोआप झाला. साडेतीन फूट.

त्याने फूटपट्टी पालथी ठेवली.

त्याने खड्डा बुजवला. दोन्ही हातांनी, ओरबाडून, वर थापट्या मारून. वर्ग घेतला, सात नव्वे त्रेसष्ट फळ्यावर लिहून खाली चौसष्ट लिहिले. मधल्या सुट्टीत पुन्हा पाहिलं. खड्डा उघडा होता. ढीग दुसऱ्या अंगाला होता.

घाबरलेला माणूस अक्कल चालवायचा प्रयत्न करतो, तसा त्यानेही केला. खालच्या थरात कोळसा आहे, ओल आहे, वरची वाळू खचते. खचलेली वाळू चौकोनी खचते का? चौकोनीही समजा. पण बगल? एजंटच्या ऑफिसात तो धावत गेला. वायरलेसवर काही आलंय का? क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. बोट मस्कत सोडून पुढे आली, थोडी लेट आहे, रफ सी आहे, पण काळजी खलास, संडेला येतेच. तुम्ही घाबरता कशाला मास्तर? खैरुद्दीनला ते सांगता येणार नव्हतं. वाळूत एक खड्डा पडलाय म्हणून घाबरतो, असं सांगितलं असतं तर त्याने चहा पाजून घरी पाठवलं असतं.

६

त्या संध्याकाळी त्याच्याने भात गिळवेना. नव्या खोलीत त्याने दोन चटया, अजरासाठी एक लहानशी खाट आणि दाराला पडदा असं सगळं मांडून ठेवलं होतं. खाटेकडे बघवत नव्हतं. शाळेतून येताना त्याने काचेच्या कपाटातली काडेपेटी का उचलली हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. इतकंच, की शाळेतल्या त्या खोलीत कॅल्डचेस्टरच्या जमिनीतून आलेल्या वस्तू दोनच. माती तर त्याने तबकातल्या मातीत घातली होती. ही एक तेवढी बाहेर राहिली होती, कपाटात, लोकांनी बघावी म्हणून.

त्याने खिशातला अजराच्या पंजाचा कागद काढला आणि दिव्याखाली पसरला. मग काडेपेटीतलं हाड चिमटीत धरून पेन्सिलीने काढलेल्या मधल्या बोटावर ठेवलं.

ते बसलं. मुळापासून पहिल्या पेरापर्यंत, रेघेच्या आत, अगदी बरोबर.

कोकराचं नव्हतं ते. खैरुद्दीनने बकरी ईदला घरात कापलेली कोकरं पाहिली होती, बाईंनी पाहिली नसतील. सहा वर्षांचं एक पोर कुठल्याशा चर्चच्या कडेला निजवलं होतं. शेकडो वर्षांनी गटारासाठी कुदळ पडली, एका शाळकरी मुलीने बोट उचलून खिशात टाकलं, आणि ते काडेपेटीतून फिरत फिरत इथवर आलं. त्याची माणसं ते शोधत असतील तर त्यात नवल काय? आपण नसतं शोधलं?

हा विचार आला आणि त्याला रडू फुटलं. भीतीचं होतं तसंच त्या पोराचंही होतं. चार वर्षं आपल्या लेकीला न पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या लेकराचं कळायला काय वेळ लागतो! पण भीती गेली नव्हती. कारण खड्डा तर आपल्या पद्धतीचा होता. एक लेकरू त्यांचं घेतलं गेलं, तर बदल्यात एक घ्यायचं, असं कुणी ठरवलं असेल तर? आणि आगबोट अजून पाण्यात होती.

७

शुक्रवारी शाळेला सुट्टी. जुम्म्याची नमाज झाली, चाचा जेवून आडवे झाले. भर दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, अशा वेळी खैरुद्दीनने मागच्या खोलीचं कुलूप काढलं. दार सताड उघडं ठेवलं. 

खड्डा वाट पाहत होता. ढीग नीट लावलेला.

आधी त्याने तो बुजवला. मग रांगेच्या दुसऱ्या टोकाला, चर्चच्या बाजूने, चमच्याच्या दांड्याने नवा खणला. पूर्व-पश्चिम. हात आडमुठे झाले होते, त्यांना सारखं आपल्या दिशेला वळायचं होतं. त्याने फोटो समोर धरून त्यांना वळवलं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. काडेपेटी उघडली, हाड कापसासकट उचललं, मग कापूस काढून टाकला आणि नुसतं हाड आत निजवलं.

खोलीत ओल्या मातीचा वास आला. दुबईत गेल्या आठ महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

मनोऱ्यातला वारा थांबला. आणि मग त्याला पाठीमागे गर्दी जाणवली. जनाज्याच्या नमाजेत मागच्या रांगेतल्या माणसांचा श्वास मानेवर लागतो, तशी. कुणी ढकलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. समोर काचेचं कपाट होतं. त्याच्या काचेत मागच्या उघड्या दाराचा लखलखीत चौकोन दिसायला हवा होता. चौकोन होता, पण फक्त वरचा वीतभर. त्याखाली खांद्यांच्या उंचीपर्यंत सगळं अंधारलेलं होतं. एका रांगेने, काही ठिकाणी उंच, काही ठिकाणी ठेंगणं.

त्याने मान वळवली नाही. वळवली असती तर काय दिसलं असतं, याचा विचार त्याने पुढेही कधी केला नाही.

मय्यतीला माती देताना तीन मुठी देतात. त्याने पहिली दिली. तोंडातून सवयीने जे निघतं ते निघालं. दुसरी दिली. तिसरी मूठ हातात धरून तो थांबला आणि मग काचेकडे न बघता, आपल्या भाषेत, कारण दुसऱ्या भाषेत त्याला हे बोलता आलं नसतं, म्हणाला,

"हे तुमचं लेकरू. तुमच्या दिशेनं निजवलंय, बघून घ्या. माझी पोर माझ्याकडे येऊ द्या."

आणि तिसरी मूठ सोडली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मनोऱ्यात वाऱ्याचा सूर लागला आणि काचेत दाराचा चौकोन पुरा झाला, वरपासून उंबऱ्यापर्यंत. खैरुद्दीन खाली बसला तो अस्रची, तिसऱ्या प्रहरची बांग होईपर्यंत उठला नाही. चाचांनी येऊन विचारलं, मास्तर, तब्येत बरी नाही काय. बरी आहे, तो म्हणाला, फक्त एक कप चहा द्या, साखर जास्त घालून.

शनिवारी सकाळी त्याने कुलूप काढलं. दक्षिणोत्तर खड्डा उघडला नव्हता, तिथली वाळू सपाट होती. पण त्याने काल भरलेल्या इवल्याशा कबरीवर आता ढीग होता, टोपलीभर, चर्चची अर्धी भिंत झाकलेली. पिवळ्या वाळूचा नव्हे. काळ्या मातीचा. आणि ढिगावर मुठींच्या खुणा होत्या, बोटांच्या वळांसकट. मोठ्या, लहान, अगदी चिमुकल्याही. तीन-तीनच्या गटाने पडलेल्या. त्याने मोजायला घेतलं आणि चाळिसावर सोडून दिलं. उभं गाव माती द्यायला आलं होतं. चाचांनी पाहिलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच काही सल्ला दिला नाही. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि उभे राहिले.

८

रविवारी बोट आली. खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभी राहिली आणि माणसं होडीतून धक्क्याला येऊ लागली. खैरुद्दीन सकाळपासून उन्हात उभा होता. तिसऱ्या होडीत त्याला मैमुनाबी दिसली. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात पोर. पोर! साडेतीन फूट, दोन वेण्या, आणि बापाकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघणारी. खैरुद्दीनला इतकं सुटल्यासारखं वाटलं की आपण रडतोय की हसतोय हेच त्याला उमगेना. हमालाला त्याने ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि मैमुनाबीने आल्या आल्या त्यावरून त्याला सुनावलं. तेही त्याला गोड लागलं.

खोलीवर पोहोचून, पाणी पिऊन, बुरखा उतरवून मैमुनाबीने प्रवासाची कर्मकथा सुरू केली. मस्कतपुढे बोट कशी हलली, ती स्वतः कशी ओकली. आणि या तुमच्या लाडलीने काय केलं, तेही ऐका. परवा, शुक्रवारी, भर दुपारी ही गायब. सगळी डेक पालथी घातली. कुणी म्हणालं कठड्यावरून डोकावत होती. मी तर छाती बडवायला लागले. अखेर कांद्याच्या पोत्यांमागे सापडली, झोपलेली. पण कशी झोपलेली? सरळ, हात अंगाला लावून, तोंड पश्चिमेला. हलवलं तरी उठेना. मग एकदम डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"आणि डोक्यात ही एवढी माती," मैमुनाबी म्हणाली. "काळी. बोटीवर काळी माती कुठून आली सांगा मला. दोन पाण्यांनी धुतलं तेव्हा केस साफ झाले."

खैरुद्दीनने अजराला जवळ बोलावलं. ती आईचा पदर धरूनच आली. त्याने हळूच विचारलं, कुणी गं टाकली माती?

अजराने थोडा विचार केला.

"खूप जण होते. टाकत होते," ती म्हणाली. "मग त्यांनीच हातांनी झाडून काढली."

मैमुनाबी म्हणाली, झालं, पोरीला उन्हाने भ्रम झाला होता, आणि ती बरणीला तडा गेलाय का ते बघायला उठली. खैरुद्दीनने अजराचा पंजा आपल्या हातावर घेतला, उताणा केला, पालथा केला. पाच बोटं, सगळी पेरं, गरम. मग फडताळावरचा कागदाचा पुडा काढला आणि हिरव्या बांगड्या एक एक करून तिच्या हातात चढवल्या. माप बरोबर आलं होतं.